पेणच्या डॉक्टरचा गुण

बरा दिवस उगवला की मी लंगडायला लागते. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटेल, पण आमच्या घरात सात वर्षं काढून बघा, म्हणजे पटेल. वाईट दिवशी लंगडायचा प्रश्नच येत नाही, कारण तेव्हा मी उठतच नाही. मला आमवात आहे. बोटं, मनगटं, घोटे, गुडघे, ज्या दिवशी ज्याची पाळी. सकाळी जाग आली की गोधडीच्या आत मी उजवी मूठ वळून बघते. महिन्यातले पंचवीस-सव्वीस दिवस ती अर्ध्यावर अडते. उरलेल्या दिवसांत कधीतरी पूर्ण वळते. मग मी तशीच डोळे मिटून पडून राहते आणि आज चेहरा कसला करायचा ते आधी ठरवते.

पहिली दोन वर्षं मी असं काही करत नव्हते. मूठ वळली की धावत बाहेर यायची आणि सासूला, सीताबाईंना, सांगायची, "आई, आज मला बरं वाटतंय." त्यांनाही आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू. पण आमच्याकडे आनंद झाला की माणसाला कामाला लावतात. "बरी हायस ना गो? मग तेवढ्या गोधड्या नदीवर धुऊन आण. तेवढे वाल सोल. तेवढी मागची पडवी सारवून टाक." मीही सगळं करायची, कारण आठवडाभर त्यांच्या हातचा आयता चहा प्यायल्याची लाज मनात असायची. संध्याकाळपर्यंत हात सुजून यायचे आणि पुढचा आठवडा अंथरुणात जायचा. मग शेजारच्या बायजाबाई दारात उभ्या राहून मोठ्यानं म्हणायच्या, "परवा तर गोधड्या आपटत व्हती. आज लगेच काय झालं हिला?" माझा नवरा प्रविण धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. तो काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. त्या बघण्यापेक्षा बायजाबाई परवडल्या.

म्हणून मी बरे दिवस लपवायला शिकले. मूठ वळली तरी कण्हत उठायचं, भिंत धरून चालायचं, कप दोन्ही हातांनी उचलायचा. पण लपवून करायचं काय? घरात खोटं लंगडत बसायचं तर बरा दिवस काय आणि वाईट दिवस काय, दोन्ही सारखेच. मी आढ्याकडे बघत पडलेली असायची आणि पाय नुसते शिवशिवत असायचे. मला दुसरं काही नको होतं, फक्त चालायचं होतं. कुठेही, काही काम नसताना. आमच्या गावात काम नसताना चालणारी बाई अजून जन्माला यायची आहे. घरातून पाऊल बाहेर टाकलं की प्रत्येक ओटीवरून विचारतात, "कुठं चाललीस गो?" आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं.

दीड वर्षापूर्वी एकदा सासू शेतावर गेल्या असताना मी न राहवून निडी स्टेशनपर्यंत चालत गेले. घरापासून वीस मिनिटांची वाट आहे. फलाटावर नेमक्या बायजाबाई.

"कुठं चाललीस गो?"

"डॉक्टरकडे. पेणला."

"रोह्याचा डाक्टर सोडलास?"

"नाही, त्याच्या गोळ्या चालूच आहेत. हा नुसता वाताचा आहे."

तेवढ्यात गाडी आली आणि बोलले म्हणून मला चढावंच लागलं.

पेणला शांती राहते, माझ्या माहेरची, कासूची मैत्रीण. आम्ही दोघी एका आळीत वाढलो. ती लग्न होऊन पेणला आली आणि गणपतीच्या एका कारखान्यात रंगाच्या कामाला लागली. स्टेशनबाहेर रिक्षावाले बोलवत होते, त्यांना नको नको म्हणत मी चालत गावात गेले. गल्लीगल्लीत पांढऱ्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, त्यांच्यामधून वाट काढत गेले. एका टपरीवर उभ्याउभ्या गरम भजी खाल्ली. बाजारातून नदीपर्यंत गेले आणि काही कारण नसताना परत आले. शांतीच्या कारखान्यात पोचले तेव्हा ती सोंडेला रंग देत होती. तिनं विचारलं, "काय काम काढलंस?" मी म्हटलं, "काहीच नाही," आणि मला एवढं हसू आलं की तिला वाटलं घरात काहीतरी भांडण झालंय.

संध्याकाळी घरी आले ती त्याच तोऱ्यात, लंगडायचं साफ विसरून. बायजाबाईंनी बातमी आधीच पोचवली होती. सासू ओटीवर उभ्याच होत्या. माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

"चांगलाच गुण आला गो. कोन डाक्टर हाय?"

पेणला एका रिक्षाच्या मागे मोठ्या अक्षरांत 'मिथुन' लिहिलेलं वाचलं होतं, तेच तोंडात आलं. "मिथुन डॉक्टर," मी म्हटलं.

अशा रीतीनं मिथुन डॉक्टर जन्माला आला आणि त्यानं माझं सगळं सोपं करून टाकलं. मूठ वळली की मी सकाळी कण्हत उठायची आणि म्हणायची, आज फार आहे, पेणला जाऊन येते. संध्याकाळी ताठ चालत परत यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले तर सासूच शेजारणींना सांगायच्या, "औषधानं वात बाहेर पडतोय, दोन दिस तरास होनारच." मला काही बोलावंही लागत नव्हतं. घरी दाखवायला काहीतरी हवं म्हणून मी शांतीकडे तिळाच्या तेलात कापूर टाकून एक बाटली भरून आणली आणि कपाटावर ठेवली. ती हळूहळू खाली जायची. मला वाटायचं, प्रविण डोक्याला लावत असेल.

महिन्यातून दोन दिवस, फार तर तीन. त्यांच्यावर मी बाकीचे दिवस काढत होते. वाईट सकाळी पाणी प्यायला तांब्या उचलवत नसे, तेव्हा मी मनात पेणच्या गल्ल्या चालायची.

फक्त एक भानगड होती. आमच्या सासूंच्या माहेरी गावठी वैदाला पैसे देत नसत, पिकातला वानोळा देत. ज्याच्या हाताचा गुण येतो त्याला रिकामं ठेवलं तर गुण माघारी जातो, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे दर खेपेला त्या माझ्या पिशवीत काहीतरी बांधून द्यायच्या. कधी घरचे पोहे, कधी वाल. "डाक्टरला आठवनीनं दे गो." मी ते सगळं शांतीला द्यायची. ती वाल भिजवून, मोड आणून बिरडं करायची आणि म्हणायची, "तू अशीच आजारी राहा बाई, माझं घर चालतंय." आम्ही दोघी हसायचो. आज ते हसणं आठवलं की मला माझीच चीड येते.

या वर्षी पौषात वालाला पहिल्या शेंगा लागल्या. अठरा दिवस वाट बघून मूठ वळली होती. मी ठरल्याप्रमाणे भिंत धरून बाहेर आले. बघते तर सासू नवं लुगडं नेसून ओटीवर बसलेल्या, बाजूला फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"आज जानार ना पेनला? मी पन येते."

"तुम्ही कशाला?"

"मलाबी दाखवायचाय."

"काय दाखवायचंय?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. प्रविण पहिल्या शिफ्टला गेला होता, ओटीवर दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी लुगडं थोडं वर केलं. दोन्ही गुडघे आतल्या बाजूला वाकलेले आणि सुजून टरटरलेले. मी सात वर्षं माझेच सांधे मोजत होते. त्याच घरात दुसरे दोन गुडघे रोज माझा चहा घेऊन येत होते, ते मला एकदाही दिसले नव्हते.

"कधीपासून?"

"झाली की तीन वर्सां. तुझा तेल लावत व्हते थोडा थोडा. रागावू नको."

"सांगितलं का नाहीत?"

"घरात एक पडलेली हाय. दुसरी पडली तर पोरानं कुनाकुनाला उचलायचा?"

मी काहीतरी सांगून त्यांना थांबवायला हवं होतं. डॉक्टर आज नाही म्हणायचं, माझंच जायचं रद्द करायचं. ते मला सुचलं, पण मी केलं नाही, कारण अठरा दिवसांनी माझा दिवस आला होता आणि तो मला सोडवेना. वाटलं, पेणला जाऊ आणि तिथे बघू. खरं तर ही माझी चूक आणि तिला दुसरं नाव नाही.

स्टेशनपर्यंत जायला आम्हाला पाऊण तास लागला. गाडीत त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं. त्यात यंदाच्या कोवळ्या शेंगा होत्या. मी म्हटलं, "एवढा त्रास होता तर मागेच बोलायचं ना. वर्षभर मी जातेयच."

"मागं कसा बोलनार? गेल्या सालचे वाल तुझ्या नावानं दिलेले. ते माझ्या कामी येतात काय? आपल्या दुखन्याला आपन सोता, नव्या पिकातला पयला, आपल्या हातानं द्यायचा. म्हनून थांबले. यंदा पेरलेले तवाच ठरवला व्हता."

त्या कार्तिकापासून थांबल्या होत्या. ओणव्यानं वाल टोकून पेरताना, राखण करताना, माझी अंथरुणं धुताना. माझ्या रिक्षावरच्या डॉक्टरला पहिली शेंग द्यायची म्हणून.

नागोठणं गेलं, कासू गेलं. मी खिडकीतून बाहेर बघत खोटं रचत होते आणि एकही खोटं उभं राहत नव्हतं.

पेणला उतरल्यावर मी सवयीनं चालायला लागले. बरीच पुढे गेल्यावर लक्षात आलं की बाजूला कुणी नाही. मागे वळून पाहिलं तर सासू विजेच्या खांबाला हात लावून उभ्या होत्या आणि माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. "नुसत्या डाक्टरच्या गावात आली तरी कशी चालायला लागली बघ," असं बाजूच्या भाजीवालीला सांगत होत्या.

रिक्षा करून मी त्यांना एका गल्लीत नेलं आणि एका बंद शटरसमोर उतरवलं. "आज बंद दिसतोय," मी म्हटलं.

"पाटी नाय?"

"काढली असेल रंगवायला."

"येईल मग. बसू या."

त्या पायरीवर बसल्या. गुडघे मोडत नव्हते म्हणून पाय सरळ रस्त्यात पसरले. दहा वाजले, अकरा वाजले. मी दोनदा म्हटलं की आता जाऊ. त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब आलो, बस गो." ऊन पायरीवर आलं. माझे पाय बरे होते, हात बरे होते, आणि माझा दिवस कुणाच्या तरी गोदामासमोर बसून चालला होता. मला त्यांचा राग आला, अगदी मनापासून. त्यांच्या गुडघ्यांचा राग आला. त्यांनी आणखी एक वर्ष गप्प बसायला काय हरकत होती, असंही मनात आलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाराच्या सुमाराला त्यांनी गाठोडं सोडलं आणि एक एक शेंग उन्हाकडे धरून बघायला लागल्या. किडकी निघाली की बाजूला टाकायच्या. "डाक्टरच्या घरात आळी नको जायला," म्हणाल्या. बोटं माझ्यासारखीच आखडलेली, पण काम चालू. तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"आई, डॉक्टर नाही."

"येईल."

"नाही. डॉक्टरच नाही. कधी नव्हता. मीच केला."

त्यांच्या हातात शेंग तशीच राहिली. मला वाटलं, आता शिव्या देतील. गल्लीत देतील, लोक जमतील. मी मान खाली घातली.

"मग तू बरी कशानं व्हायचीस?" त्यांनी विचारलं.

"होत नव्हते मी बरी. ज्या दिवशी बरी असायचे त्या दिवशी इथे यायचे. फिरायला. घरी कळलं असतं तर कामात गेला असता दिवस."

हे समजायला त्यांना वेळ लागला. मी बघत होते. खोटेपणाचा राग त्यांच्या चेहऱ्यावर आलाच नाही. काहीतरी वेगळंच आलं, आणि ते मला जास्त लागलं.

"म्हंजे माझा बी काय व्हनार नाय," त्या म्हणाल्या. "मला वाटला व्हता, यंदा गुडघे दुखायचे थांबतील." आणि पदरानं डोळे पुसून उरलेल्या शेंगा पुन्हा फडक्यात बांधायला लागल्या. गाठ बसेना म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

मी त्यांना त्याच दिवशी एका हाडांच्या डॉक्टरकडे नेलं, पाटी असलेल्या. त्यानं गुडघे दाबून बघितले, फोटो काढायला लावला आणि सांगितलं, झिजलेत. उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही, शेतात वाकायचं नाही. गोळ्यांनी दुखणं थोडं कमी होईल, पुढे कधीतरी ऑपरेशन. सासूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "वाकायचा नाय तर मग वाल काय ह्यो येऊन उपटनार?" शेंगांचं गाठोडं त्यांनी त्याला दिलं नाही. परत आणलं आणि संध्याकाळी भाजी केली.

घरी प्रविणनं विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?" मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "हिला तेल दिला, मला गोळ्या. हिनं जात राहायला पायजे." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतर मला घरात लंगडावं लागत नव्हतं, निदान त्यांच्यासमोर तरी. सुटले असं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. आधी मी पडलेली असताना मला भांड्यांचे आवाज नुसते भांड्यांचे वाटायचे. आता कळायचं, की त्या खांब धरून उठताहेत, मध्येच थांबताहेत, हंडा अर्धाच भरताहेत. अंथरुणातून सगळं ऐकू यायचं आणि मला उठता यायचं नाही. खोलीला पूर्वी एक दार तरी होतं, महिन्यातून दोनदा उघडणारं. आता त्या दाराशी सासू पाय पसरून बसल्यासारख्या वाटायच्या.

फाल्गुन लागला आणि वाल वाळले. वाल पहाटेच्या दवातच उपटावे लागतात. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. दोन दिवसांत शेत मोकळं करायला हवं होतं. प्रविणची पहिली शिफ्ट, मजूर मिळेना. नेमक्या त्या सकाळी मी उठले तर अंगात कुठेच दुखत नव्हतं. एकवीस दिवसांनी.

मी बाहेर आले. सासू उंबऱ्यावर बसल्या होत्या, एक हात चौकटीवर. उठायचा प्रयत्न करून पुन्हा बसल्या असाव्यात, कारण कपाळावर घाम होता. माझी चाल बघून त्यांना कळलं.

"आज तुझा दिस हाय ना?"

"हो. पण आज मी शेतावर येते."

"नको. शेतावर आलीस तर आजचा दिस जाईल आनी म्होरले आठ दिस पडशील. मग तुला बी मीच बघायची. जा तू. गाडी चुकंल."

"आणि तुम्ही?"

"मला आज बरा हाय. गोळी घेतली."

असं म्हणून त्या उठल्या. चौकटीला हात न लावता उठल्या. टोपली काखोटीला मारली आणि अंगणातून चालायला लागल्या, सरळ, भराभर, नव्या सुनेसारख्या. मागे वळून एकदाही बघितलं नाही. बघणारी दुसरी कुणी असती तर तिला खरंच वाटलं असतं. मला एकेक पाऊल कळत होतं. कुंपणाच्या वळणापर्यंत त्या अशाच जाणार, आणि माझ्या नजरेआड झाल्या की तिथल्या दगडावर बसणार, हेही कळत होतं.

मी अंगणात उभी राहिले. दोन्ही हात धडधाकट होते. धावत गेले असते तर वळणाआधी गाठलं असतं. त्या सकाळचं काम चार तासांचं होतं, दोघींनी केलं असतं तर दोनच तासांचं. त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत मी बघत राहिले. मग आत गेले, साडी बदलली, केस विंचरले आणि स्टेशनच्या वाटेला लागले. घोटा दुखत नव्हता, गुडघा दुखत नव्हता, हवा थंड होती. दर पावलाला त्या शेतात वाकलेल्या दिसत होत्या, आणि दर पावलाला मला छान वाटत होतं, आणि दोन्हीपैकी एकही थांबत नव्हतं.